भरावाचं तुझं बरोबर होतं

रमणमळा, कोल्हापूर
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय पक्या,

शिमग्याला भांडलो आपण आणि आता गणपती पण होऊन गेले. मधे तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. आज सकाळी मात्र असं काही झालं की घरात कुणाला सांगून कळणार नाही, कंपनीत सांगितलं तर म्हणतील सुट्टी घे, म्हणून तुलाच लिहायला बसलोय. मोबाईलवर टाइप करतोय, चुका सांभाळून घे.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. भरावाचं तुझं बरोबर होतं. गॅरेजची जमीन उचलायला घातलेला भराव आधी एक पावसाळा बसू दे म्हणालेलास, आणि मी तुला "पुण्यात बसून कोल्हापूरची माती शिकवू नकोस" म्हणलो आणि फोन कट केला. ते बोलायला नको होतं. त्यातला चाकणचा टोमणा तर अजिबात नको होता, तू २००९ ला गेलास तो कशासाठी गेलास हे मला माहीत असताना बोललो, त्याचं जास्त वाईट वाटतं.

मामांचा लेथ, लोखंड फिरवून कातायचं ते मशीन, घरी आणलाय एवढं तुला वहिनीकडून कळलं असणारच. सहा फुटी, कोन पुलीचा, तोच. मामांची वर्कशॉपची शेड विकायचं ठरलं तेव्हा त्यांच्या धाकट्यानं भंगारवाल्याला बोलावलेलं, तो किलोवर भाव करत उभा होता आणि मी योगायोगानं उद्यमनगरात बेअरिंग घ्यायला गेलेलो. जॉब धरायच्या चकावर अजून मामांचा तो निळा खडू होता रे. मी तिथंच ५५ हजार सांगितले. हिच्या भिशीचे त्यात तीस. हिनं एका शब्दानं विचारलं नाही, फक्त म्हणाली गाडी कुठं लावायची ते आधी ठरवा.

तर गॅरेज. ११ बाय १८. तुला आठवतं ना, २०१९ ला पाणी आलं तेव्हा भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारलेली, साडेतीन फुटावर? २०२१ ला त्याच्याही वर गेलं. म्हणून मी ठरवलं की जमीन २ फूट उचलायची. तू म्हणालास २ फुटानं पूर थांबतोय काय, आणि मी चिडलो, पण माझं डोकं असं होतं की मोटर मागच्या पायावर दोन-सव्वादोन फुटाला बसते, त्यात हे २ फूट, म्हणजे साडेतीन फूट पाणी आलं तरी मोटर आणि हेडस्टॉक, म्हणजे चक फिरवणारी पेटी, कोरडे. बेड आणि त्यावर टूल घेऊन सरकणारं सॅडल धुवून तेल लावून वाचवता येतात, मोटर भिजली की रिवाइंडिंगच. हे मी अजूनही बरोबरच म्हणतो, यावर भांडायचं असलं तर समोर येऊन भांड.

चुकलं ते पुढं. चार ब्रास मुरूम लागणार होता. मिस्त्रीनं दोन ब्रास मुरूम आणि बाकी कुठल्यातरी पाडलेल्या घराचं डबर आणलं, एका दिवसात ओतलं, वरून चार दिवस पाणी मारलं आणि म्हणाला बसलं. सहा-सहा इंचाचे थर देऊन धुम्मस करायला पाहिजे होतं, एवढं मला कळत होतं, पण शेड रिकामी करायची तारीख डोक्यावर होती आणि लेथ रस्त्यावर ठेवता येत नाही. महिन्यात वर ६ इंच काँक्रीट घातलं, ८ च्या सळीची जाळी टाकून, २३ पोती सिमेंट गेलं. क्युरिंग मात्र मी स्वतः केलं, गोणपाट टाकून एकवीस दिवस, सकाळ-संध्याकाळ.

लेथ आत घेतला तो दिवस तू बघायला पाहिजे होतास. घोडी, चेन ब्लॉक, खाली पाइप, दोन पहारी आणि उद्यमनगरातले आपले तेच चौघे. त्यातला म्हातारा आता सत्तरीचा असेल, पण पाइप कुठला काढायचा आणि कुठला पुढं टाकायचा हे नुसतं भुवयांनी सांगतो. शेजारचे काका कठड्यावर बसून सगळं बघत होते, शेवटी म्हणाले, "एवढं जड आणलंय, चालतं कशावर, रॉकेलवर काय?" त्यांना वाटलं इंजिनच आहे.

चालतं व्हीएफडीवर, म्हणजे घरच्या सिंगल फेजचं थ्री फेज करून मोटर फिरवणाऱ्या डब्यावर. थ्री फेजचा मीटर घ्यायचा विचार सोडला. मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडला तर आत सहाच्या सहा टोकं बाहेर काढलेली निघाली, प्लेटवर २३० डेल्टा ४१५ स्टार असं स्वच्छ लिहिलेलं, मग पट्ट्या फिरवून डेल्टा केली आणि घरच्या सिंगल फेजवर २ एचपी मऊ उचलतोय. सुरू करताना दिवे मंद होत नाहीत, वरच्या मजल्यावर आईला पण कळत नाही. चकावर मामांसारखा पिवळा बल्ब लावलाय. आपण हसायचो बघ त्यांच्या बल्बला, सगळं उद्यमनगर ट्यूबवर आणि हे बल्बवर. स्वस्तातली एलईडी लावून बघितली तर तिच्या लुकलुकण्यात एका स्पीडला चक चक्क थांबल्यासारखा दिसला. अंगावर काटा आला. लगेच काढली.

आता मूळ गोष्ट.

मे महिन्यात मशीन बसवलं, फौंडेशन बोल्ट ग्राउट करून आवळले, कंपनीतनं ०.०२ ची बबलची लेव्हल (मीटरला ०.०२ मिलिमीटरचा उतार दाखवणारी) आणून दोन रात्री जागून लावली. मग चकात ५० मिलिमीटरचा बार धरला, टेलस्टॉक म्हणजे दुसऱ्या टोकाचा आधार न लावता, २५० मिलिमीटर अंतरावर दोन कॉलर (पट्टे) केल्या, एकाच सेटिंगला हलका कट. दोन्हींच्या डायात फरक १० मायक्रॉनच्या आत, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्याही आत. पक्या, मी एकटाच होतो गॅरेजमधे आणि मोठ्यानं "मामा!" म्हणून ओरडलो. एवढ्या वर्षांचं मशीन आणि दहाच्या आत.

जुलैच्या शेवटी परत बघितलं तर ३०. टेलस्टॉककडची कॉलर मोठी. आधी वाटलं बेडची झीज, पण झीज सगळी चकाजवळ असते, सॅडल तिथं खाली बसलं की टूल मागं जातं आणि डाया चकाकडं मोठा यायला पाहिजे. इथं उलटं. मग लेव्हल ठेवली, सॅडलवर आडवी, हेडस्टॉककडं बबल बरोबर मधे आणि सॅडल टेलस्टॉककडं नेलं की बबल पार कडेला जाऊन टेकला. म्हणजे बेडला पीळ बसलाय. टेलस्टॉककडचा पुढचा पाय खाली चाललाय, शटरकडच्या कोपऱ्यात, आणि बोल्ट त्याला घेऊन खाली खेचतोय. खाली वाकून टॉर्च मारला तर कोपऱ्यात तिरकी भेग, केसाएवढी.

मी हिला दाखवली. ही म्हणाली, "एवढी भेग तर देवघरात पण आहे." खरंच आहे. पण देवघरात कुणी लेथवर सिलिंडरचं आतलं भोक, बोअर, मारत नाही ना.

गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी भेगेवर पीओपीचे दोन ठिपके मारले आणि वर तारीख लिहिली. पीओपी फुटलं तर भेग अजून चालू आहे, नाही फुटलं तर थांबली. रोज ड्युटीला जाताना वाकून बघायचो. धाकटी विचारते पप्पा तिथं उंदीर आहे काय. आज सकाळी बघितलं तर शटरकडचा ठिपका सरळ मधून फुटलेला. दुसरा शाबूत. दिवसभर कशात लक्ष नाही, दुपारी तांबडा पांढरा होता तरी जेवण गेलं नाही, यावरनं काय ते समज.

आता मला दोनच रस्ते दिसतात. एक म्हणजे लेथ बाजूला घ्यायचा, तेवढा भाग फोडायचा आणि मशीनखाली वेगळा ब्लॉक घालायचा, बाकी जमिनीपासून सुटा. पण किती खाली जायचं? बोअरवेल मारताना बघितलंय, इथं भरावाखाली पाच फूट काळी माती आहे, मुरूम त्याच्या खाली. दोन आणि पाच सात फूट, म्हणजे लेथसाठी आड खणल्यासारखंच. तुझा भाऊ एकदा सांगत होता बघ ते अंडर-रीम्ड पाइल, काळ्या मातीसाठी रुडकीच्या सीबीआरआयनं काढलेली पद्धत, बारीक खांब खोल न्यायचे आणि तळाशी फुगवायचे. तसे चार खांब आणि वर बीम. त्याला विचारशील? पैसे आत्ता नाहीत, पण दिवाळीच्या बोनसमधून होईल असं वाटतं.

दुसरा रस्ता म्हणजे बोल्ट सोडून टाकायचे. मशीन नुसतं लेव्हलिंग स्क्रूवर उभं ठेवायचं, जमीन जाईल तिकडं जाऊ दे, आपण स्क्रू फिरवून बेड सरळ करायचा. भराव बराचसा या पावसाळ्यात बसला असेल, पण खालची काळी माती दर पावसाळ्यात फुगणार आणि दर उन्हाळ्यात आकसणार, म्हणजे वर्षातनं दोनदा लेव्हल आलीच, एक मृगानंतर आणि एक दिवाळीनंतर. खर्च काहीच नाही. पण मग मशीन बसलं असं कधी म्हणताच येणार नाही. रात्री झोप लागत नाही ती यामुळं.

तू म्हणशील ३० मायक्रॉनला काय रडतोस. मला माहीत आहे कशासाठी रडतोय. मामांचं अर्धवट राहिलेलं इंजिन माझ्याकडं आहे. ते लहान, उभं. लेथबरोबर धाकट्यानं गोणीत भरून दिलं, त्याला ते काय आहे हेच माहीत नव्हतं, म्हणाला हे पण घेऊन जावा. आपण शिरोलीला रात्री थांबून ओतून घेतलेली सिलिंडरची कास्टिंग तशीच आहे, बोअर न मारलेली, बाहेरून तू केलेलं फेसिंग आहे, आणि तू फ्लँजवर एका बाजूला जास्त मटेरियल काढलंयस हे मी आज वीस वर्षांनी परत सांगतो, व्हर्नियर लावून बघितलंय. बोअर ११० मिलिमीटर लांबीचा. हिशेब केला तर २५० वर ३० चा टेपर, म्हणजे दोन टोकांच्या डायातला फरक, ११० वर १३ मायक्रॉन होतो. तू म्हणणार चालतंय की, होनिंगला, शेवटच्या घासणीला, निघून जाईल. मी म्हणणार होनिंग टेपर काढायला नसतं. आणि मामा दोघांनाही चहा आणायला पाठवणार. १३ चालेल, तेवढं मलाही कळतं. पण आज १३ आणि पुढच्या पावसाळ्यात किती? आणि ती कास्टिंग एकच आहे रे. तिचा पॅटर्न, ओतायचा नमुना, पुरात गेला.

म्हणून अजून तिला हात लावलेला नाही. कपाटात तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलीय, कपाटात ४० चा बल्ब चालू असतो, दमट हवेला.

बाकी गॅरेज छान झालंय, ते पण सांगतो, नाहीतर वाटेल नुसतं रडगाणं. खिडकीखाली बेंच केलंय, सागाच्या जुन्या दाराचं, व्हाइसचा जबडा बरोबर माझ्या कोपराच्या उंचीला. ग्राइंडर मुद्दाम लेथपासून लांब, दुसऱ्या भिंतीला, त्याची धूळ बेडवर यायला नको म्हणून. स्कुटी बाहेर भिजते त्यावरून अधूनमधून ऐकावं लागतं, दोन फूट उचलल्यामुळं रॅम्प इतका उभा झालाय की वर जात नाही.

तुझं काय चाललंय? फ्लॅटचा ताबा मिळाला असं ऐकलं, अभिनंदन, मनापासून. काकूंचा गुडघा आता कसा आहे? चिमीचं बारावीचं कळलं होतं, तेव्हाच फोन करायला पाहिजे होता, तिला सांग काकाकडून घड्याळ बाकी आहे. माझी बीपीची गोळी चालू, बाकी ठीक. आई बरी आहे, तुझी आठवण काढते.

तर असं कर. खंडेनवमीला ये. मामांच्या शेडमधे दरवर्षी आपण दोघं लेथ पुसायचो, हार घालायचो, या वर्षी ते शेडच नाही. लेथ माझ्याकडं आहे, पूजा इथंच करायची. आदल्या रात्री पोच, बोल्ट आपण दोघं मिळून सोडू, तू लेव्हल बघ, मी स्क्रू फिरवतो. मी एकटा करतो तेव्हा लेव्हल बघायला पुढं आणि स्क्रू फिरवायला मागं पळावं लागतं. फोडायचं का स्क्रूवर ठेवायचं ते त्या रात्री ठरवू, तू म्हणशील तसं. या वेळी खरंच तू म्हणशील तसं.

तोपर्यंत पीओपीचा नवीन ठिपका मारलाय, आजची तारीख टाकून.

तुझा,
दिल्या

ता.क. येताना तुझी ०.०२ ची लेव्हल आण. माझ्याकडची कंपनीची आहे, उद्या परत द्यायचीय. आणि चकाची ती जुनी चौकोनी चावी तुझ्याकडंच आहे ना? मामा शेवटपर्यंत शोधत होते. आण ती.