सेवाभाव नाही, शेरे

ती. बाबा,
सा. न.

परवा फोनवर काका म्हणाले, "समाजकार्य शिकवतेस म्हणजे सेवाभाव शिकवतेस का?" मी "तसंच काहीसं" म्हणून वेळ मारून नेली. तसं अजिबात नाहीये, म्हणून सवडीने लिहितेय.

जरा मागून सुरू करते. 1869 मध्ये लंडनला चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी निघाली. मदत मागणाऱ्याच्या घरी जायचं, चौकशी करायची, लायक गरीब कोण आणि नालायक कोण ते ठरवायचं, मग मदत द्यायची. आमच्या पेशातली गृहभेट आणि केस फाइल यांची मुळं बरीचशी तिथलीच. शंभरेक वर्षांनी इथल्या, म्हणजे ब्रिटनमधल्याच काही समाजकार्यकर्त्यांनी 'केस कॉन' नावाचं मासिक काढून आपल्याच पेशाला धारेवर धरलं. माणूस गरीब आहे यात दोष त्याचा, की त्याला गरीब ठेवणाऱ्या व्यवस्थेचा? 1975 मध्ये रॉय बेली आणि माइक ब्रेक यांनी संपादित केलेलं 'रॅडिकल सोशल वर्क' आलं. पुढे त्यात स्त्रीवाद आला, वंशवादविरोध आला, ज्ञान आणि सत्ता यांचं नातं उलगडणारा फ्रेंच विचारवंत फुको आला. या सगळ्याला आता क्रिटिकल सोशल वर्क म्हणतात आणि मी तेच शिकवते.

यातली खरी अडचण कुठे आहे सांगू? आमची एक विद्यार्थिनी सध्या बालसंरक्षणाच्या टीममध्ये प्लेसमेंटवर, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणावर आहे. चिल्ड्रन अ‍ॅक्ट 1989 च्या कलम 47 खाली (मुलाला गंभीर इजेचा धोका आहे का, याची) चौकशी चालू असलेल्या एका घराचा अहवाल तिने लिहिला. त्यात आईबद्दल एक वाक्य: 'सहकार्य करत नाही.' का, तर बाई ठरलेल्या भेटींना आली नाही. मी विचारलं, भेटी किती वाजता होत्या? दुपारी. बाई काय करते? गोदामात शिफ्ट, आदल्या रात्री मेसेज येतो तेव्हा कळतं उद्या काम आहे की नाही. हे अहवालात कुठेच नव्हतं. पोरगी हुशार, पटकन म्हणाली, "मॅडम, फुको मान्य. पण सोमवारी मी त्या रकान्यात काय लिहू?"

बाबा, अख्ख्या पंथाची दुखरी नस हीच आहे. व्यवस्था बदला म्हणणं सोपं. समोर बसलेल्या एका बाईचं काय करायचं यावर बरेच मोठे लोक गप्प. म्हणून मला ऑस्ट्रेलियाच्या समाजकार्य-अभ्यासक जॅन फूक जवळच्या वाटतात. 1993 च्या 'रॅडिकल केसवर्क'मध्ये त्यांनी नेमका हाच प्रश्न हातात घेतला. नंतर चिकित्सक आत्मपरीक्षणाची पद्धत बांधली: स्वतःच्या कामातला एकच प्रसंग घ्यायचा आणि आपण काय गृहीत धरलं होतं ते खणून काढायचं. त्या मुलीने 'सहकार्य करत नाही' खोडून शिफ्टच्या वेळा लिहिल्या आणि भेट संध्याकाळी ठेवावी असं सुचवलं. क्रांती वगैरे काही नाही. पण तुम्ही कचेरीत जन्मभर शेरे लिहिलेत. एका शेऱ्याने माणसाचं काय होतं ते तुम्हाला मी काय सांगणार!

नोकरीचं विचाराल तर तीच गत. लोकांना मोजणाऱ्या व्यवस्थेवर मी लिहिते आणि माझं लिखाण तारे देऊन मोजलं जातं. इथे रिसर्च एक्सलन्स फ्रेमवर्क, म्हणजे विद्यापीठांच्या संशोधनाचं मूल्यमापन असतं, 2021 च्या फेरीत एक ते चार तारे होते. वर्गातल्या त्या तासाभराला एकही तारा नाही. चार माणसं वाचतील अशा लेखाला मिळू शकतो. माझाही करार मुदतीचाच आहे, म्हणून लेख लिहितेच. तत्त्वाच्या गप्पा कायमच्या नोकरीवाल्यांना जास्त परवडतात, हे आपलं माझं मत.

करार वाढवायचा अर्ज दिलाय. आईला एवढ्यात काही बोलू नका, ती उगाच काळजी करत बसेल. आणि काकांना हे पत्र वाचायला द्या. वाद घालायचा असेल तर रविवारी फोन करा म्हणावं.

तुमची,
मनू