चकाकी एका जाड थरात येत नाही

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीतल्या छंदांवर लेख आला होता. माझ्या नातवाने त्याचं कात्रण काढून टेबलासमोर चिकटवलं. मॉडेल रंगवून झालं की वरून क्लिअर म्हणजे पारदर्शक चकाकीच्या स्प्रेचा एकच जाड थर मारा, काचेसारखं चमकेल, असा सल्ला त्यात होता. पोराने तेच केलं. तीन महिने खपून प्लास्टिकच्या शीटमधून उभं केलेलं रेल्वेचं डब्ल्यूएपी-४ हे विजेवरचं इंजिन, १:८७ मापाचं, वीतभर लांब.

मे महिना, दुपारचे दोन. दारं लावून, कूलरसमोर बसून त्याने स्प्रेचा डबा मारला. पाच मिनिटांत लाल रंगावर दुधाची साय धरावी तसं पांढरं आलं. बाजूच्या डिकलची, म्हणजे चिकटवायच्या छापील अक्षरांची, फिल्म आक्रसली. इंजिनाच्या शेडचं नाव, 'भुसावल', अक्षरं जेमतेम दोन मिलिमीटरची. त्यातला 'ल' सुरकुतून गेला. पोरगं दोन दिवस नीट जेवलं नाही.

मी रेल्वेत ३१ वर्षं पेंटर होतो. रंग फवारायची गन मोठी असो की मॉडेलसाठीचा बारीक एअरब्रश, हात तोच. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. तेच ते पांढरं. आपल्या खान्देशात मे महिन्यात हवा कोरडी, पण कूलरसमोर ती ओलीच असते. आणि कूलर बंद करून भर दुपारी मारलं, तर रंग वाटेतच सुकतो, मॉडेलवर दाणा येतो, बोट फिरवलं की खरखर लागते. म्हणून हे काम पहाटेचं, दारं-खिडक्या उघड्या ठेवून.

लॅकर म्हणजे थिनर उडाला की झटपट सुकणारा रंग. लॅकर क्लिअर एक भाग, थिनर एक ते दीड भाग. उन्हाळ्यात थिनरमध्ये थोडा रिटार्डर, म्हणजे सुकणं लांबवणारं द्रव्य, टाका, म्हणजे रंगाला पसरायला वेळ मिळतो. नोझल ०.३ मिलिमीटर, दाब १५ ते २० पीएसआय, अंतर १० ते १२ सेंटिमीटर. पहिला हात नुसता धुक्यासारखा. खालचा रंग जेमतेम ओलावला पाहिजे. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग दुसरा. चमक दिसायला लागते ती तिसऱ्या हाताला. हात थांबवून बोट सोडलं की ओघळ आलाच, म्हणून फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच बंद करायचा. डिकल लावायच्या आधी क्लिअर हवंच. खरबरीत रंगावर फिल्मखाली हवा अडकते आणि अक्षरांभोवती चंदेरी डाग दिसतो. किमान एक दिवस वाळू द्या, मग डिकल, मग पुन्हा हलके हात. खाली इनॅमल, म्हणजे सावकाश वाळणारा तेली रंग, असेल तर लॅकर अजिबात नको, रंग उचलून येतो.

सगळ्यात काळजीची गोष्ट लेखात नव्हतीच. थिनरची वाफ रुमालाने किंवा धुळीच्या मास्कने अडत नाही, काडतूस लावायचा वाफेचा मास्क लागतो. ती वाफ पेटते, म्हणून स्वयंपाकघरात गॅसजवळ हे काम नको. हार्डनर घालायचा गाडीचा टू-के क्लिअर तर मुलांच्या हाती पडताच कामा नये. त्यातल्या आयसोसायनेटने दमा जडतो.

सुट्टी अजून बाकी आहे, बरीच मुलं हेच कात्रण समोर ठेवून बसली असतील. येत्या रविवारी त्याच जागी दुरुस्ती छापावी, निदान मास्क आणि वेळ या दोन गोष्टी तरी, ही हात जोडून विनंती.

पांढरेपणा मी रिटार्डर मिसळलेल्या थिनरचा हलका फवारा मारून घालवला. अक्षरं मात्र वाचली नाहीत, ती बाजू घासून प्रायमरवर आणली आणि पुन्हा लाल रंगवली आहे. नवीन डिकल छापून ठेवलंय, क्लिअरचा पहिला हात उद्या सकाळी सहाला.

— एक निवृत्त रेल्वे पेंटर, भुसावळ