लोक बघतात ते खरंच आहे

पिल्ला,

परवा परदेशातून फोनवर तू म्हणालीस, "मी वर्गात शिकवायला पोचायच्या आधीच सगळ्या शाळेला माहीत असतं मी काल कुठे गेले, काय घेतलं, कोणाशी बोलले", आणि मी पटकन "अगं लक्ष नको देऊस" म्हणून विषय बदलला. तेव्हापासून चैन नाही मला. मी स्वतः दोन वर्षं परदेशात शिकवलंय, अख्ख्या कॉलेजात माझ्यासारखी दिसणारी मी एकटीच होते, निदान मी तरी तुला असं म्हणायला नको होतं.

कोणी ना कोणी तुला सांगेल की हे सगळं तुझ्या मनाचं आहे. मी वर्गात शिकवायचे तो कॉर्नेल विद्यापीठातला प्रयोग आठवतो, थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २००० साली छापून आलेला. विद्यार्थ्याला लाज वाटेल असा टीशर्ट घालून खोलीत पाठवायचे आणि नंतर विचारायचे की किती जणांच्या लक्षात आलं असेल. त्याला वाटायचं जवळपास निम्म्यांच्या, प्रत्यक्षात चौथाईच्या आसपास. पण तो टीशर्ट होता गं, घरी येऊन काढता येतो, चेहरा कुठे काढून ठेवणार? तुझ्याकडे लोक खरंच बघतात, त्याने तू खरंच दमतेस, आणि दमलीस म्हणजे तू कमकुवत आहेस असं अजिबात नाही.

शिवाय एकटं असलं की चूक पण एकटीची राहत नाही. रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्ये एका मोठ्या कंपनीतल्या मोजक्याच बायकांबद्दल हेच लिहिलं होतं, संख्येने थोड्या म्हणून सतत नजरेत आणि प्रत्येकीचं वागणं सगळ्याच बायकांच्या खात्यावर. तू एक दिवस उशिरा पोचलीस की "तुमच्याकडे असंच असतं का" हे ऐकावं लागणार. मी त्या भीतीने दोन वर्षं रोज अर्धा तास आधी जायचे. तू तसं नको करूस, तू तिथे शिकवायला गेलीयेस, देशाची वकील म्हणून नाही.

आता एक गोष्ट जी मी तुला कधीच सांगितली नाही. पहिल्याच टर्ममध्ये मी एका मुलाला भर वर्गात खूप बोलले, आणि गोंधळ घालणारा तो नव्हताच, मागच्या बाकावरचा दुसरा होता. मला दोघं सारखे दिसले. तो काहीच बोलला नाही, मान खाली घालून बसला. लोक मला दुसऱ्याच कुठल्या परदेशी बाईच्या नावाने हाक मारायचे तेव्हा मला किती राग यायचा, आणि मी तेच केलं. आपल्या सवयीच्या नसलेल्या चेहऱ्यांमधला फरक ओळखणं अवघड जातं, १९६९ पासून यावर संशोधन आहे, पण त्या मुलाला त्याचं काय. मी दुसऱ्या दिवशी वर्गासमोरच माफी मागितली, आणि मग रोज रात्री बाकांचा नकाशा घेऊन नावं पाठ करायला लागले.

आणि रोज बघून लोकांना सवय होते याची १९६७ मधली अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठातली गोष्ट, एक विद्यार्थी अख्खं अंग झाकणारी काळी पिशवी घालून वर्गात यायचा, फक्त पाय दिसायचे. आधी बाकीचे चिडले, मग कुतूहल वाटायला लागलं, शेवटी मैत्री झाली. पिशवी तीच होती, फक्त ती रोज तिथे होती. माझंही असंच झालं. रस्त्यावरच्या नजरा शेवटपर्यंत तशाच राहिल्या कारण तिथे रोज नवीन माणसं असतात, पण वर्गात दिवाळीच्या सुमारास कोणी वळून पण बघेना. म्हणून शनिवार-रविवार खोलीत कोंडून घेऊ नकोस, एक बाग किंवा लायब्ररी ठरव आणि ठरलेल्या वेळी तिथेच जात जा. मात्र न विचारता कोणी केसांना हात लावला किंवा फोटो काढला तर सरळ नाही म्हण, लहान मूल असलं तरी. उगाच हसून सहन करायची गरज नाही, मी केलं आणि अजून मनात सलतं.

यावेळी फोन केलास की मी मधे बोलणार नाही. तुझ्या वर्गातल्या पोरांची नावं पण सांग, उच्चारासकट, मला वहीत लिहून घ्यायचीयेत.

तुझी
आई