अर्धे वाक्य कुठे गेले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत रोमन शहाणपणाची पुडी बांधून दिलीत, आभारी आहे. 'खरा मित्र अडचणीतच ओळखू येतो' हे वाक्य ठळक चौकटीत, खाली सिसरो या रोमन वक्त्याचे नाव. वाक्य एनियस या जुन्या कवीचे. सिसरोने मैत्रीवरच्या पुस्तकात (इ.स.पूर्व ४४) ते लेलियस या पात्राच्या तोंडी घातले, तेही कवीचे नाव घेऊन.

नावाची चूक एक वेळ पोटात घालू. पण लेलियस तिथे थांबत नाही. पुढे तो म्हणतो की बहुतेक माणसे दोन ठिकाणी हलकी ठरतात : स्वतःचे बरे चालले की मित्राला तुच्छ लेखतात, नाही तर त्याचे वाईट दिवस आले की त्याला टाकून जातात. यातले पहिले कलम आपल्या लेखकांनी साफ गाळले. माझे सगळे दुखणे नेमके त्याच कलमात आहे.

१९९४ मध्ये कचेरीतल्या एका मित्राला मी पतसंस्थेत जामीन राहिलो. त्याचे हप्ते थकले आणि अकरा महिने माझ्या पगारातून कापले गेले. त्याबद्दल तक्रार नाही. तेव्हा त्याच्याकडे खरोखरच नव्हते. पुढे गावाकडची जमीन विकली गेली, बंगला झाला. वास्तुशांतीचे फोटो मला तिसऱ्याच माणसाच्या मोबाइलवर दिसले. नंतर एका लग्नात समोर आला आणि म्हणाला, "काय साहेब, बरे आहात ना?" पंचवीस वर्षांचे अरे-तुरे गेले आणि मी 'साहेब' झालो! ते अकरा हप्ते मी कधीच सोडले होते. हा 'साहेब' मात्र अजून सुटत नाही.

दुसरी चौकट सेनेका या रोमन तत्त्वज्ञाची : तयारी आणि संधी यांची गाठ म्हणजे नशीब. सेनेकाच्या लेखनात हे कुठेही नाही. सम्राट क्लॉडियसने ज्याला आठ वर्षे कॉर्सिका बेटावर काढायला लावली आणि इ.स. ६५ मध्ये ज्याचा शिष्य नीरो यानेच ज्याला मरणाचा हुकूम दिला, तो नशिबाबद्दल असे गुळचट कशाला बोलेल? त्याच बेटावरून त्याने आईला लिहिले आहे की नशिबाने दिलेल्या गोष्टींपासून मी अंतर राखून होतो, म्हणून त्या नेल्या गेल्या, ओरबाडल्या गेल्या नाहीत. हे छापायचे होते. पण मग शेजारच्या क्लासच्या जाहिरातीशी मेळ बसला नसता.

सोबतचा खप्पड गालांचा पुतळाही सेनेकाचा नव्हे. नाव कोरलेला त्याचा अर्धपुतळा १८१३ सालीच रोममध्ये सापडला. तो आता बर्लिनमध्ये आहे आणि त्यातला सेनेका टकला व चांगला गुबगुबीत आहे.

जाता जाता : गेल्या मंगळवारच्या शब्दकोड्याचे उत्तर अजून आलेले नाही. आडवे १४ अडले आहे.

आपला,
एक निवृत्त लेखापाल, चिंचवड