चौथीच्या वर्गाकडून, कोडिंगवाल्या ताईंना

प्रिय ताई,

मानधन तुम्ही घेत नाही, शाल-श्रीफळाचं नाव काढलं तरी हसता. म्हणून हे आभार आता चारचौघांत मानते.

परळच्या आमच्या मराठी शाळेत तुम्ही शनिवारी यायला लागलात, तेव्हा पालकांचा पहिला प्रश्न होता, "लॅपटॉप कधी देणार?" तुम्ही मात्र खडू मागितलात. "वेगळा तास नको, तुमचा भागाकारच चालू द्या," म्हणालात. वेळापत्रकात आधीच मुंगी शिरायला जागा नाही, त्यामुळे मी तिथेच तुमच्या पक्षात गेले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंग सहावीपासून सांगितलंय, पण संगणकीय विचारावर, म्हणजे प्रश्न पायऱ्यापायऱ्यांनी सोडवण्यावर, भर अगदी पायाभूत टप्प्यापासून. हे वाचलं होतं. वर्गात ते दिसतं कसं, हे तुमच्यामुळे कळलं.

गणित होतं 612 भागिले 6. एक मुलगा रोबो झाला. बाकीच्यांनी फळ्यावर कृती लिहायची आणि रोबोने स्वतःचं डोकं अजिबात चालवायचं नाही. मुलांनी लिहिलं: भाग लाव, गुणाकार कर, वजा कर, पुन्हा भाग जाईपर्यंत पुढचे अंक खाली घे. रोबोने इमानदारीत 1 खाली घेतला, भाग जाईना, म्हणून 2 पण घेतला. उत्तर आलं 12. वर्ग खो खो हसला. पण बारा सक बहात्तर, मग बाकीचे गेले कुठे? सगळे फळ्याला नाक लावून चुकलेली ओळ शोधू लागले. शेवटच्या बाकावरची एरवी गप्प असणारी मुलगी म्हणाली, "बाई, भाग जात नसेल तर वर शून्य लिही, हे त्याला सांगितलंच नाही!" ओळ बदलली आणि 102 आले. त्या शून्याभोवती मी वर्षानुवर्षं लाल गोल काढत आलेय. आता मुलं उत्तर खोडण्याआधी आपली कुठली पायरी सुटली ते बघतात.

परिसर अभ्यासात पानांचं वर्गीकरण तर तुम्ही खेळच करून टाकलात. वड, पिंपळ, आंबा, जांभूळ, चिंच, गुलमोहर, शेवगा, कडुनिंब: आठ पानं, आणि फक्त हो-नाहीचे प्रश्न. "पिंपळ आहे का? वड आहे का?" असं विचारत गेलं तर सातपर्यंत प्रश्न लागतात. "पान छोट्या छोट्या पर्णिकांचं बनलंय का?" या एका प्रश्नात निम्मी पानं बाजूला होतात आणि तिनांत काम भागतं. असा प्रश्न सुचायला पान उलटंसुलटं करून बघावं लागतं. विज्ञान याहून वेगळं काय असतं, सांगा!

आता एक तंटा तुमच्यासाठी राखून ठेवलाय. मुलांनी नियम केला: जोरदार पाऊस आणि भरती 4.5 मीटरच्या वर असेल, तर पाणी तुंबणार. नाल्यांचं पाणी समुद्रात जाऊ शकत नाही, हे कारणही त्यांनी बरोबर सांगितलं. पण हिंदमाताजवळच्या सखल भागात राहणारी मुलं उसळली, "आमच्याकडे भरती नसली तरी तुंबतं!" त्यांना 'आणि'च्या जागी 'किंवा' हवंय. दुसरा गट म्हणतो, मग नुसत्या भरतीनेही तुंबायला हवं. फळा मी पुसलेला नाही. शनिवारी या.

तुमची,
चौथीच्या बाई