फक्त टीएसएचवर विसंबू नका

महोदय,

थकवा, वजनवाढ, थंडी न सोसणे अशी तक्रार आली की टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक; थायरॉइड मंदावली की ते वाढते) करायचा आणि तो मर्यादेत आला की ‘थायरॉइड नाही’ म्हणून विषय मिटवायचा, ही पद्धत आता रूढ झाली आहे. बहुतेकांच्या बाबतीत ती पुरते. पण बिघाड थायरॉइडमध्ये नसून मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत असेल, तर हीच चाचणी फसवते. टीएसएच तयार होतो पिट्युटरीत. तीच दुबळी झाली तर तो वाढणार कुठून? अशा वेळी फ्री टी-४ (थायरॉइडचे रक्तातले मुक्त संप्रेरक) कमी असतो आणि टीएसएच मात्र कमी, नॉर्मल, क्वचित किंचित वाढलेलाही दिसतो. म्हणून संशय असेल तिथे दोन्ही एकाच वेळी तपासावेत.

हा संशय यायला हवा तो रुग्णाची जुनी हकिकत ऐकताना. बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला, नंतर दूध आले नाही, पाळीही परतली नाही, तर शीहान सिंड्रोम (अतिरक्तस्रावामुळे पिट्युटरी निकामी होणे) आठवलाच पाहिजे. प्रत्यक्षात थकव्याचे खापर बाळंतपणावर फुटते आणि निदानाला वर्षे लागतात. डोक्याला जबर मार, घोणसाचा दंश, पिट्युटरीची गाठ किंवा तिची शस्त्रक्रिया हीसुद्धा कारणे आहेत. डोक्याला दिलेल्या रेडिएशनचा परिणाम तर अनेक वर्षांनी दिसतो. पुरुषांत कामेच्छा आणि दाढीची वाढ घटते, मुलांची उंची खुंटते. पाळी कायमची थांबलेल्या स्त्रीत एफएसएच (बीजकोशांना चालना देणारे पिट्युटरीचे संप्रेरक) भरपूर वाढलेला असायला हवा. तो कमी असेल तर पिट्युटरीकडे बोट जाते. साधीच चाचणी, पण या वयात ती कोणी करत नाही.

सर्वांत धोक्याची चूक उपचारांच्या क्रमात होते. टी-४ कमी दिसला म्हणून लगेच थायरॉक्सिन (टी-४ चे औषध) सुरू केले आणि कॉर्टिसॉलही (पिट्युटरीच्या हुकमावर मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी बनवतात ते संप्रेरक) कमी असले, तर शरीरातले उरलेसुरले कॉर्टिसॉल भराभर खर्ची पडते. रक्तदाब कोसळून रुग्ण अत्यवस्थ होऊ शकतो. आधी कॉर्टिसॉल पाहावे आणि ते कमी असल्यास हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची उणीव भरणारे औषध) देऊन मगच थायरॉक्सिन द्यावे.

कॉर्टिसॉलचा नमुना सकाळी 8 ते 9 च्या दरम्यान घ्यावा. दुपारच्या आकड्यावरून निष्कर्ष निघत नाही. साधारणपणे 3 मायक्रोग्रॅमपेक्षा (प्रति डेसिलिटर) कमी म्हणजे कमतरता, 15 च्या वर असल्यास ती बहुधा नाही. अधल्यामधल्या आकड्यांसाठी 250 मायक्रोग्रॅम कृत्रिम एसीटीएच (अॅड्रिनलला चालना देणारे पिट्युटरीचे संप्रेरक) टोचून 30 आणि 60 मिनिटांनी पुन्हा रक्त घेतात. मात्र पिट्युटरीला इजा होऊन काहीच आठवडे झाले असतील तर ही चाचणी खोटा दिलासा देते, कारण अॅड्रिनल ग्रंथी अजून सुकलेल्या नसतात. स्टेरॉइडच्या गोळ्या, इंजेक्शने, अगदी मलमेसुद्धा चालू असतील तर आधी सांगावे. गर्भनिरोधक गोळ्यांनी आकडा फुगतो.

आणखी एक खूण म्हणजे रक्तातले सोडियम वारंवार उतरणे. पोटॅशियम वाढलेले नाही, त्वचा काळवंडण्याऐवजी फिकट आहे, एवढ्यावरून दोष अॅड्रिनलचा नसून पिट्युटरीचा असावा असा कयास बांधता येतो. रक्तचाचण्यांतून निदान पक्के झाले की कारण शोधण्यासाठी पिट्युटरीचा एमआरआय करावा. नुसत्या एमआरआयपासून सुरुवात करू नये. किरकोळ गाठी निरोगी माणसांतही सापडतात आणि नाहक घबराट होते.

हायड्रोकॉर्टिसोन चालू असलेल्यांनी ते स्वतःहून कधीही थांबवू नये. तापात डोस दुप्पट करावा लागतो. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर तातडीने 100 मिलिग्रॅमचे इंजेक्शन घ्यावे लागते. याची चिठ्ठी रुग्णाच्या खिशात आणि माहिती घरच्यांना असावी.

– एक अंतःस्रावतज्ज्ञ