मारिया मातेवरून दादाशी बोलणं तोडू नका

प्रिय आई-बाबा,

दादा आणि बाबांचं परत वाजलं हे आईकडून कळलं. तो बिलीव्हर्सच्या, म्हणजे फक्त बायबलच मानणाऱ्या त्या पंथाच्या, मीटिंगला जायला लागला तेव्हाच वाटलं होतं हे होणार, पण जेवताना तो म्हणाला की मारियेला येशूनंतर अजून मुलं झाली, आणि आपण कॅथलिक तर तिला नित्य कुमारी, म्हणजे आयुष्यभर कुमारी, मानतो, त्यामुळे बाबा ताटावरून उठले, आई रात्रभर रोजरी घेऊन बसली, हे ऐकून राहवेना म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय, फोनवर बाबा पूर्ण ऐकून घेत नाहीत.

बाबा, दादाने हे मनाचं काढलेलं नाही. मार्क 6:3 उघडा, नाझरेथचे लोक म्हणतात हा मारियेचा मुलगा, याकोब, योसे, यहूदा आणि शिमोनचा भाऊ ना, याच्या बहिणी पण इथेच आहेत ना. आपल्याच बायबलमध्ये आहे हे. आणि चुलत-मावस भावांना पण भाऊच म्हणतात हे उत्तर मला मान्य आहे, पण तेवढ्यावर भागत नाही, नवा करार ज्या ग्रीकमध्ये लिहिलाय तिच्यात चुलतभावासाठी वेगळा शब्द होता आणि कलस्सैकरांस पत्रात 4:10 ला तो वापरलाय. दादा हे काढणारच.

पण मग मार्क 15:40 पण वाचा. क्रुसाजवळ एक मारिया उभी आहे, धाकटा याकोब आणि योसे यांची आई. तीच दोन नावं. येशूच्या आईची ओळख मार्क अशी दुसऱ्या मुलांच्या नावाने का करून देईल, म्हणजे ही वेगळी मारिया असणार आणि हे 'भाऊ' तिची मुलं असू शकतात. आणि योहान 19 मध्ये येशू मरताना आपल्या आईला शिष्याच्या हवाली करतो. घरात चार मुलगे असताना आई दुसऱ्याच्या घरी कशाला जाईल? मला सगळ्यात जास्त हेच पटतं. दादा म्हणेल भावांचा तेव्हा येशूवर विश्वास नव्हता, योहान 7:5 ला तसं आहेच, पण विश्वास वेगळा झाला म्हणून मुलगा आईला टाकतो का? त्याचंच बघा ना, चर्च बदललं म्हणून तुमची बीपीची गोळी आणायचा थांबलाय का तो?

हा वाद काही वसईत सुरू झालेला नाही. 383 च्या सुमाराला रोममध्ये हेल्विडियस नावाच्या माणसाने नेमकं दादासारखंच लिहिलं होतं, आणि बायबलचे मोठे विद्वान संत जेरोम यांनी उत्तर लिहून त्याला झोडपलं. हेल्विडियसचं लिखाण आता शिल्लक नाही, तो काय म्हणत होता ते जेरोमच्या उत्तरातूनच कळतं. जेरोमचं म्हणणं मी मानते, पण त्याची भाषा मला आवडत नाही. शिवाय हेल्विडियसचा एक मुद्दा असा होता की लग्न आणि कौमार्य दोन्हीचा मान सारखाच, आणि जेरोमने कौमार्य वर आणि संसार खाली ठेवला. आई, इथे मला फार लागतं. तू आम्हाला वाढवलंस, भाजीची पाटी घेऊन पहाटेची गाडी पकडलीस, ते काय देवाजवळ कमी भरलं? मारिया नित्य कुमारी होती हे मी मनापासून मानते, कारण तिने सगळं आयुष्य त्या एका मुलासाठी दिलं. त्यासाठी बाकीच्या आयांना खाली बसवायची गरज नाही, आणि वहिनीसमोर तर असं कोणी बोलूच नये.

अजून एक, दादाला वाटतं ही कॅथलिकांनी मागाहून घुसडलेली गोष्ट आहे. त्याला सांगा, कॅथलिक चर्चपासून वेगळे झालेले प्रॉटेस्टंट पुढारी मार्टिन ल्यूथर आणि झ्विंग्ली, ते दोघे पण तिला नित्य कुमारी मानत होते. आणि बाबा, तुम्ही पण एक ऐका, नुसत्या बायबलवरून हे शंभर टक्के सिद्ध होतं असं त्याला सांगू नका. पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स म्हणतात की हे 'भाऊ' म्हणजे मारियेचा नवरा योसेफ याच्या पहिल्या बायकोची मुलं, ते दुसऱ्या शतकातल्या, याकोबाच्या नावावर असलेल्या एका पुस्तकात आहे, आपल्या बायबलमध्ये ते पुस्तक नाही. मारियेचे आईवडील संत अ‍ॅना आणि योआकिम यांची नावं पण आपल्याला तिथूनच मिळालीत. जेरोमला ही पहिल्या बायकोची गोष्ट अजिबात मान्य नव्हती, तो म्हणाला ते मावसभाऊ. म्हणजे भाऊ कोण यावर नित्य कुमारी मानणाऱ्यांचं पण एकमत नाही. आपण हे परंपरेने मानतो, चर्चने पिढ्यान् पिढ्या जपलंय म्हणून मानतो, हे सरळ सांगायला लाज कसली?

रविवारी मिस्सा झाली की दादाला घरी बोलवा, त्याचं बायबल घेऊन ये म्हणावं. प्रेषितांची कृत्ये 1:14 त्यालाच वाचायला द्या, त्यात मारिया आणि येशूचे भाऊ एकत्र प्रार्थना करतायत, ते भाऊ सख्खे की मावस ते नंतर बघू. मी संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते, बाबांनी तोपर्यंत मार्क 15:40 काढून ठेवा.

तुमची लेक